कडाक्यात उघडं टाकलेलं घर

साइमीनं मला कॉफीला बोलवायचं बंद केलं, तेव्हा मला वाटलं बाई रुसली. आमच्या यूका गावात शेजारणीला कॉफी न विचारणं म्हणजे तोंडावर दार आपटणंच. आमची दारं समोरासमोर, मधे जिना. रोज दुपारी ती माझ्या दारावर दोनदा टकटक करायची आणि मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. आतल्या पलंगावरून तिचा नवरा तौनो आम्हा दोघींची टर उडवायचा. ती टकटक बंद झाली. न बोलावता कुणाच्या घरात शिरायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी थोडे दिवस दम धरला. दम धरणं हा माझा प्रांत नव्हे. शेवटी बेल दाबली.

दार बोटभर उघडलं.

"काय गं हेल्वी?"

"काय गं काय? माझं काय चुकलं ते सांग, नाहीतर कॉफी टाक."

"कॉफीचं मशीन बिघडलंय."

"मग माझं घेऊन येते."

"नको! तुझं या घरात आणू नकोस!" ती एवढ्यानं ओरडली की आतून तौनोचा आवाज आला, "अगं, येऊ दे तिला. आयुष्यभर पोरांना किडेच शिकवलेत तिनं. आपल्याकडे पाहुणचाराला कमी पडणार नाहीत."

मी दार ढकलून आत गेले. कॉफीचं मशीन गॅलरीत बर्फात उपडं पडलं होतं, मेलेल्या जनावरासारखं. साइमी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती आणि अ‍ॅप्रनची कड पिळत होती.

"मशीनच्या पोटात होती," ती म्हणाली. "पोरंबाळं सगळी. मी झाकण काढलं आणि ती... अगं, मी तुला त्यातली कॉफी पाजलीय."

"झुरळं?"

तिनं मान हलवली.

मला हसू आलं, आणि मी हसलेही. शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला झुरळाचं काय? पण साइमीचा चेहरा पाहिला आणि हसणं आवरलं. ही बाई कोण, हे माहीत नसेल त्याला तो चेहरा कळायचा नाही.

साइमी ह्युवॅरिनेन सरोवराकाठच्या एका लहान शेतावर वाढली, आणि परकर-पोलक्याच्या म्हणावं अशा वयात आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. निवृत्त होईपर्यंत तिथंच. भांडं घासून झालं की ओल्या बोटानं आतून घासून बघायची. बोट कुरकुरलं तर भांडं स्वच्छ, नाहीतर परत मोरीत. एकदा आरोग्य खात्याचा साहेब तपासणीला आला, तर तिनं त्यालाच दारात बूट काढायला लावले आणि हात धुवायला पाठवलं. तो निमूट गेला. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं वाटाण्याचं सूप पिऊन मोठ्या झाल्या, आणि कुणाचं पोट बिघडल्याचं मला आठवत नाही. तिच्याकडे ना शिक्षण ना पैसा. मान होता तो एवढ्याच एका गोष्टीचा. आणि तिच्याच घरात झुरळं. कुठून आली देव जाणे. कुणाच्या खोक्यातून, कुठल्या जुन्या फ्रिजमधून, खालच्या भाडेकरूंच्या सामानातून. झुरळाला स्वच्छ घर चालत नाही, हा लोकांचा गैरसमज आहे. त्याला ऊब लागते, पाण्याचा थेंब लागतो, आणि बोटाच्या नखाएवढी फट लागते. बास.

"सोसायटीला सांग," मी म्हणाले. "औषध मारतील. दोन-तीनदा येतील, विषय संपला."

साइमीनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आणि तौनोला कुठं ठेवू?"

तौनो उभं आयुष्य सोपस्टोनच्या खाणीत होता. दगड कापायचा. त्या दगडाच्या भुकटीनं त्याची छाती आतून लिंपून टाकली होती. रात्रंदिवस उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं, नाकात नळी. साधा सेंट लावून कुणी आलं तरी त्याला खोकल्याची उबळ यायची, ती थांबेपर्यंत बघणाऱ्याचा जीव जायचा. औषध मारायचं तर त्याला घरातून हलवणं भागच होतं. आणि हलवायचं म्हणजे एकच जागा, नगरपालिकेचं वृद्धाश्रमासारखं असलेलं ते शुश्रूषागृह.

"एकदा गेला होता ना तो," साइमी म्हणाली. "माझा खुबा मोडला तेव्हा. म्हणाले, थोडेच दिवस. चालत गेला, खुर्चीतून आला. परत नेला तर येणारच नाही गं. मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. मुलगा स्वीडनहून फोनवर म्हणतोच, आई, आता पुरे कर."

तिचं बरोबर होतं. तिथून परत आलेला माणूस मीही फारसा पाहिला नव्हता.

मग आम्ही लढाईला लागलो. विष नको, वास नको, आणि कुणाला कळायला नको. मी बुद्धी दिली, राबली ती.

अन्नावाचून झुरळ बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून नाही. म्हणून आधी पाणी तोडायचं. आमच्याकडे भांडी कुणी पुसत नाही. धुतलेली ओली भांडी मोरीवरच्या कपाटात उभी करायची, निथळतील तेव्हा निथळतील. साइमीनं तो आयुष्याचा रिवाज मोडला. चमचान् चमचा पुसायची, मोरी फडक्यानं कोरडी करायची, नळाचं तोंडसुद्धा पुसायची. भेगांत लोखंडी काथ्या कोंबून वर लांबी भरली. फ्रिजच्या मागे, चुलीखाली रोज व्हॅक्यूम फिरवला आणि त्यातली पिशवी लगेच बर्फात टाकली. काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेतल्या, आत तळाशी बिअरमध्ये भिजवलेला काळा पाव, तोंडाशी आतून लोण्याचा हात. झुरळ वासानं आत उतरतं, पण लोण्यावरून वर चढता येत नाही. सकाळी सगळी बरणी साबणाच्या कढत पाण्यात.

"आज काय घावलं?" तौनो पलंगावरून विचारायचा.

"तुझं काय जातंय विचारायला?"

"माझी बिअर जातेय! डॉक्टर मला घोट देत नाही, आणि त्यांना पावाबरोबर. हेल्वी, पुढच्या जन्मी मी झुरळ."

"आत्ता काय कमी आहेस," साइमी म्हणायची, "दिवसभर ऊब धरून पडलेला असतोस." आणि त्याची उशी सारखी करायची.

एक पांढरी माती मिळते, सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची. झुरळाच्या अंगाला लागली की ते सुकून मरतं, विषाचं काम नाही. मी उत्साहानं सांगायला गेले. साइमीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्ध्यावर थांबले.

"बारीक पूड?" तिनं विचारलं.

"बारीकच."

"म्हणजे जिनं त्याला खाल्लं तिचीच बहीण मी घरात आणू?"

तो विषय तिथंच मिटला.

झुरळं कमी झाली. खरंच झाली. बरण्यांत कधीमधी एखादं दिसायचं. पण संपेनात. आम्ही पाणी तोडलं होतं, पण तौनोच्या यंत्राला पाण्याची बाटली जोडलेली होती, नाक कोरडं पडू नये म्हणून. ती कशी तोडणार?

असं चाललेलं असताना ती नर्स आली. औती तिचं नाव. आठवड्यातून एकदा येऊन तौनोला तपासायची. पोरगी चांगली होती, हातानं हळू, बोलायला सरळ. त्या दिवशी तिनं गोळ्यांचा डबा उघडला आणि आतून एक झुरळ ऐटीत बाहेर पडून तिच्या बाहीवरून गेलं.

औती किंचाळली नाही. तिनं ते झटकलं, चिरडलं, मग शांतपणे हात धुतले.

"साइमी, हे किती दिवस चाललंय?"

साइमीनं गोळ्यांचा डबा पुसायला घेतला.

"मी बाकीच्या घरी जाते. आजाऱ्यांच्या. मी हे अंगावरून घेऊन फिरू शकत नाही. मला सांगावं लागेल."

"पुढच्या वेळेपर्यंत थांबशील?" साइमीनं विचारलं. शाळेत साहेबाला बूट काढायला लावणारी ही बाई. "पुढच्या वेळी एक जरी दिसलं तर तूच फोन कर. मी अडवणार नाही."

औतीनं तौनोकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "पुढच्या वेळेपर्यंत," ती म्हणाली. "पण एकसुद्धा नाही हं."

ती गेल्यावर तौनो म्हणाला, "माझी आई काय करायची माहीत आहे? थंडीचा कडाका आला की घर उघडं टाकायची."

"ते लाकडी घर होतं," साइमी म्हणाली.

"असू दे. दारं-खिडक्या सताड उघडायची, चूल विझवायची, आणि आम्ही सगळे शेजाऱ्यांकडे. शेजाऱ्यांनी नाही म्हणायचं नसतं. फक्त उंबऱ्याबाहेर अंगावरचं सगळं बर्फात झटकायचं. परत यायचो तेव्हा झुरळं कढईतल्या लाह्यांसारखी जमिनीवर पडलेली. आई केरसुणीनं लोटायची."

हे काही गोष्टीतलं नाही. इकडे पूर्वी सगळे असंच करत. माझ्या आजोळीही करत. कडक हिवात झुरळ टिकत नाही, हे पुस्तकही सांगतं. नेमका त्याच आठवड्यात पारा उणे तीसच्या खाली जाणार म्हणून रेडिओ बडबडत होता.

"झुरळं मरतील," मी म्हणाले, "पण घर तापवणाऱ्या रेडिएटरमधलं पाणी गोठून ते फुटले तर सोसायटी तुम्हा दोघांना जिवंत सोडायची नाही."

"रजया गुंडाळीन," साइमी म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते. कित्येक दिवसांनी कुणी तरी तिला तिच्या ताकदीतलं काम सांगितलं होतं. "हेल्वी, तू आम्हाला घेशील?"

शेजाऱ्यांनी नाही म्हणायचं नसतं. मला म्हणायचंही नव्हतं.

तौनोला आम्ही चाकाच्या खुर्चीतून, मांडीवर तासाभराचा ऑक्सिजनचा लहान सिलिंडर देऊन, जिन्यापलीकडे आणलं. माझ्या उंबऱ्याबाहेर साइमीनं रीतसर सगळं केलं. त्याचा कोट, शाल, मोजे, पांघरुणं, एकेक खाली अंगणात नेऊन बर्फावर आपटून आणलं. स्वतःचे केससुद्धा पुढं सोडून झटकले. मग मी हात लावला आणि दोघींनी मिळून यंत्र उचलून आणलं, माझ्या बैठकीच्या खोलीत सॉकेटला लावलं, आणि ते घरघरायला लागलं. तौनोनं नाकातली नळी सारखी केली. "आता खरी हवापालट," तो म्हणाला.

साइमीचं घर उघडं पडलं. रजया गुंडाळलेले रेडिएटर, सताड खिडक्या, आणि बाहेर फडफडणारे पडदे. खालून जाणारा येणारा मान वर करून बघत होता. दुपारी सोसायटीचा मॅनेजर पेंत्तिनेन हजर.

"ह्युवॅरिनेनबाई, काय चाललंय? सगळ्या यूकाचं आभाळ तापवताय का, आमच्या पैशानं?"

"मासा करपला," साइमी म्हणाली. "वास जात नाहीये."

"कसला मासा? देवमासा?"

"तुझ्या आईला विचार," मी मधे पडले. "तिच्या हातचा मासा असाच करपायचा. सबंध वर्गाला वास यायचा तुझ्या स्वेटरचा." पेंत्तिनेन माझा विद्यार्थी. तो लाल झाला, काहीतरी पुटपुटला, आणि उद्या संध्याकाळपर्यंत खिडक्या लावा म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी साइमी घरात गेली. जमीन काचेसारखी थंड, मोरीच्या फडक्याची गोठून फळी झालेली. आणि झुरळं होतीच, फ्रिजखाली, चुलीमागे, कपाटाच्या तळाशी, पाय वर करून. तिनं केरसुणीनं लोटली. लोटताना ती गुणगुणत होती, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तौनो घरी गेला. यंत्र घरी गेलं. रेडिएटर फुटले नाहीत. औती आली, डबा उघडला, चुलीमागे बॅटरी मारली, वाकून सगळं पाहिलं.

"एकसुद्धा नाही," ती म्हणाली आणि साइमीला मिठीच मारली. साइमी मिठीबिठीतली बाई नाही. लाकडासारखी उभी राहिली, पण कान लाल झाले.

संध्याकाळी माझ्या दारावर दोनदा टकटक झाली. नवं मशीन आणलं होतं. भात भरून कडेला मुरड घातलेल्या पोळ्या होत्या, गरम, वर लोण्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं. तौनोनं एक अख्खी खाल्ली. त्या दिवसांत तो अख्खं काही खात नसे.

पुढचे काही आठवडे ती वेगळीच बाई होती. मग एकदा तिला माझ्याकडे बोलावलं, कारण नेहमी तिच्याकडेच जायचं हे मलाही खटकायला लागलं होतं. तौनो झोपला होता, तिला थोडा वेळ होता. मी कप मांडले. साखरेच्या भांड्याचं झाकण उचललं.

दोन होती. लहान, अंगावर गडद पट्टे असलेली, नुकती अंड्यातून निघालेली म्हणावीत अशी. भांड्याच्या कडेवरून धावली आणि टेबलाखाली गेली.

मी झाकण परत ठेवलं. उगीचच. साइमीनं पाहिलं होतं.

माझं डोकं भराभर चालत होतं. कपडे झटकले, पांघरुणं झटकली, केस झटकले. सगळं बर्फात आपटलं. आपटलं नाही ते एकच. ते आपटता येत नव्हतं, गोठवता येत नव्हतं, मागं ठेवता येत नव्हतं, कारण त्यातून माणूस श्वास घेत होता. आत ऊब, शेजारी पाण्याची बाटली. पोटाशी अंड्यांची पिशवी धरलेली एक मादी आत असली तरी पुष्कळ. तौनोच्या आईच्या काळी असलं यंत्र नव्हतं. तेव्हा असा माणूस दोन दिवसांत मरायचा.

साइमीलाही कळलं होतं. ती विचारायला थांबली नाही.

"आमच्या यंत्रातून," ती म्हणाली. "म्हणजे आमच्याकडेही परत असणार. दिसत नाहीत एवढंच."

"साइमी, हे बघ. माझ्या घरात आहेत ना? मला चालतात. मी एकटी आहे, म्हातारी आहे, माझी छाती धडधाकट आहे. मी बरण्या लावते. तू तुझ्याकडे लाव."

"आणि तुझ्याकडून वरच्यांकडे? तिथं तान्हं मूल आहे."

"जाऊ देत की वर! वरच्यांचं ते बघतील! तोंड मिटून बस जरा!"

"मी आयुष्यभर लोकांच्या पोरांना जेवायला घातलं, हेल्वी," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "मला नाही जमायचं."

तिनं माझाच फोन उचलला. मी तिचा हात धरला. खरोखर धरला, झटापट म्हणावी इतका. तिच्या मनगटात अजून शाळेच्या पातेल्यांची ताकद होती. तिनं हात सोडवून घेतला आणि पेंत्तिनेनला फोन लावला.

"ह्युवॅरिनेन बोलतेय," ती म्हणाली. "माझ्या घरात झुरळं आहेत. माझ्यामुळं शेजारीही गेलीत. मासा वगैरे काही नव्हता."

पेंत्तिनेन चांगला वागला, मला कबूल करायला हवं. आवाज चढवला नाही, कुणाला नाव सांगितलं नाही. पण सगळ्या इमारतीत औषध मारायचं ठरलं, एकदा नव्हे, तीनदा, मधे आठवडे सोडून. तौनोला तोवर हलवायचं. माझ्याकडे ठेवता येईना, कारण माझंही घर त्यातच. औतीनं शुश्रूषागृहात खाट पाहिली. यंत्र बदलून मिळालं. स्वच्छ, नवं, किड्यावाचून. हे मिळण्यासाठी आधी सांगायला हवं होतं, आणि आधी सांगितलं असतं तर त्याला आधीच न्यायला आले असते. मी ही गोष्ट उलटसुलट करून पाहिली आहे. तिला दुसरं टोकच नाही.

त्याला न्यायला गाडी आली तेव्हा साइमीनं त्याला स्वतः कोट घातला, बटणं लावली, टोपी कानांवर ओढली.

"मोहीम काढलीय जणू," तौनो म्हणाला. "थोडेच दिवस, नाही का गं?"

"थोडेच दिवस," साइमी म्हणाली.

दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती.

तिसरं औषध मारून झालं तोवर सरोवराचं बर्फ वितळण्यापूर्वी पडतं तसं काळं पडायला लागलं होतं. घरं उघडली, धुतली, झुरळ औषधाला दिसेना. साइमीनं तौनोचा पलंग धुतलेल्या चादरींनी लावला आणि त्याला आणायला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दिली. तौनोला आता उठवायला दोन माणसं लागतात, त्या म्हणाल्या. रात्री नळी काढून टाकतो, कुणीतरी जागं असावं लागतं. तुमचा खुबा असा. उन्हाळ्यानंतर बघू.

उन्हाळ्यानंतर म्हणाल्या, ख्रिसमसनंतर बघू. ख्रिसमसनंतर साइमीनं विचारलं नाही.

ती रोज बसनं जाते. गुरुवारी मीही जाते. तौनो कधी ओळखतो, कधी तिला आपली आई समजतो आणि जेवायला काय आहे विचारतो. ती सांगते, सूप. तो बरं म्हणतो. ती त्याच्या टेबलावर फडकं फिरवते. तिथल्या मुली म्हणतात, बाई, आम्ही पुसतो हो. ती पुसतच राहते.

परवा परतताना बसमध्ये तिनं अचानक विचारलं, "पहिल्याच दिवशी औषध मारू दिलं असतं तर?"

"तर त्याला पहिल्याच दिवशी नेलं असतं."

"आणि मी फोन केला नसता तर?"

मी शिक्षिका आहे. उत्तर माहीत नसलं की मला राग येतो. मी म्हणाले, "औतीला आज ना उद्या दिसलंच असतं."

"म्हणजे काहीही केलं असतं तरी हेच."

"हेच."

तिनं खिडकीची काच बाहीनं पुसली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, रस्त्याकडेला लाकडांच्या राशी. मग म्हणाली, "थंडीत घर उघडलं ना, त्यानंतर तो एक महिना घरी होता. तेवढा जास्तीचा मिळाला."

मी हो म्हणाले. आमचा थांबा आला. तिला खुब्यामुळं उतरायला वेळ लागतो. ड्रायव्हर थांबला, मी मागून तिची पिशवी धरली, आणि आम्ही उतरलो.